चषकातील द्राक्षारस

वेदीवरील द्राक्षारस तांबडाच असावा, असा पुष्कळांचा समज आहे. ख्रिस्तसभेचा आग्रह रंगाविषयी नाही. तो द्राक्षांचाच असावा व नासलेला नसावा, एवढाच आहे. (आम्ही तर पांढराच वापरतो, वस्त्रांवर डाग पडत नाहीत.) तांबड्याविषयी इटलीची कीर्ती मोठी. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी १७१६ साली जाहीरनामा काढून किआन्तीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. त्या नावांआड चालणारी लबाडी थांबावी, हा हेतू. पुढे १८७२ साली बेत्तीनो रिकासोली यांनी सांजोवेझे द्राक्षांस मुख्य स्थान देणारे मिश्रण लिहून ठेविले. तथापि १९८६ साली त्याच देशात मिथेनॉल मिसळलेला द्राक्षारस पिऊन वीसांहून अधिक माणसे मेली. चषक उचलताना आम्हांस त्यांचे स्मरण होते.