गोळी थांबते कशी?

(एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या बायकांच्या मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो,

आपल्यापैकी बहुतेकजणी रोज एआरटीची गोळी घेतात. आज त्याच गोळीचं यकृताशी असलेलं नातं समजून घेऊ.

संभोग, रक्त, सुई, आईकडून बाळाला, या ज्या वाटांनी एच.आय.व्ही. येतो, त्याच वाटांनी हिपॅटायटिस 'बी' येतो. 'सी' मुख्यतः रक्तातून येतो. हे दोन्ही विषाणू वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम करतात. डोळे पिवळे होतातच असं नाही. सोबत एच.आय.व्ही. असला की यकृत लवकर खराब होतं. म्हणून कावीळ उतरवून घेण्यात वेळ घालवू नका, रक्त तपासा.

सरकारी केंद्रात बहुतेकींना मिळणाऱ्या गोळीत तीन औषधं असतात. त्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन 'बी'लाही आवरतात. पण ज्या बाईला 'बी' आहे तिची गोळी अचानक थांबली, तर हा विषाणू उसळतो. यकृत निकामी होऊन जीवही जाऊ शकतो.

मग गोळी थांबते कशी? कागदावर कारण लिहिलं जातं, 'निष्काळजीपणा'. पण नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेली बाई, जावांपासून डबी लपवणारी सून, ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडणारी मजूर, यांना निष्काळजी म्हणायचं? एच.आय.व्ही. आहे म्हणून बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असं २०१७ चा कायदा सांगतो. तो २०१८ पासून लागू आहे. त्यामुळे तिला घरात राहू देण्यासाठीचं भांडण हे तिच्या औषधासाठीचंही भांडण आहे.

आपण काय करायचं? 'माझी बी आणि सी तपासणी झाली का?' असं केंद्रात विचारायचं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. 'सी' तर बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गाव सोडण्याआधी पुढच्या गोळ्यांची सोय लावून घ्यायची. नवऱ्याची, मुलांची तपासणी करून 'बी'ची लस द्यायची. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत मिळायला हवा.

आणि हो, ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही. एकत्र जेवल्याने 'बी' किंवा 'सी' होत नाही. ब्लेड आणि दात घासायचा ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

आपल्या वस्तीत कुणाची गोळी चुकली असेल, तर तिला बोल लावू नका. काय अडलं ते विचारा आणि तिच्यासोबत केंद्रात जा.