धुरातला ट्रम्पेट



रॉय कॅसल हा इंग्लंडमधला हरहुन्नरी कलावंत. बीबीसीवर कार्यक्रम करायचा, नाचायचा, ट्रम्पेट वाजवायचा. स्वतः कधी सिगारेट ओढली नाही, पण 1994 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. धुराने कोंदलेल्या जाझ क्लबांत वाजवल्यामुळेच हे दुखणं जडलं, असं तो सांगे. ट्रम्पेट फुंकायचा तर छाती भरून श्वास घ्यावाच लागतो, आणि तिथे हवेपेक्षा धूरच जास्त.

बारमधल्या धूम्रपानबंदीचा विषय निघाला की गिऱ्हाईक स्वातंत्र्याबद्दल बोलतं आणि मालक गल्ल्याबद्दल. वाजवणाऱ्याला, वाढणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आयर्लंडने विचारलं. 29 मार्च 2004 पासून पबसकट सगळ्या कामाच्या जागी धूम्रपान बंद करणारा तो पहिला देश. पब ही काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाची नोकरीची जागा आहे, असा सरकारचा साधा मुद्दा होता. बारमधल्या कामगारांची युनियनही बंदीच्या बाजूने उभी राहिली. पबमालक मात्र हवालदिल. बिअरच्या ग्लासाबरोबरची सिगारेट आयरिश माणूस सोडेल होय? गॉलवेतल्या एका पबने उघड बंडही केलं. ते काही दिवसांत थंडावलं. बाकी ठिकाणी ओढणारे निमूट उठून बाहेर पावसात उभे राहू लागले.

मतं बदलली ती यानंतर. बारमध्ये पूर्ण बंदी हवी म्हणणारे तिथल्या सिगारेट ओढणाऱ्यांत आधी 13 टक्के होते. बंदीनंतरच्या पाहणीत ते 46 टक्के झाले. कुरकुर होतीच. धूर गेल्यावर घामाचा आणि सांडलेल्या बिअरचा वास यायला लागला म्हणे! मला ही तक्रार फार आवडते.

आपल्याकडे मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये धूम्रपानबंदीचा आदेश दिला, तो दवाखाने, वाचनालयं, बस-रेल्वे अशा जागांपुरता. हॉटेलं 2003 च्या कायद्यात आणि पुढे 2 ऑक्टोबर 2008 च्या नियमांत आली, तीही एक पळवाट ठेवून. तीस किंवा अधिक खुर्च्या असतील तर ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली चालते. त्या खोलीत दुसरी कुठलीही सेवा द्यायची नाही, असंही नियम सांगतो. म्हणजे आतून कुणी "एक सोडा आण रे" म्हणून हाक मारली, तर वेटरने नाही म्हणायला हवं. आता टिप त्याच टेबलाकडून मिळायची असेल, तर तो कसा म्हणणार?