शेजाऱ्याचा धर्म : इस्लामची तोंडओळख



२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. महाविद्यालयात परीक्षा चालू होत्या. खानदेशातला मे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पेपर संपवून एक विद्यार्थी माझ्याकडे काही विचारायला आला. ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. मी पाण्याचा पेला पुढे केला. तो म्हणाला, “सर, रोजा आहे.” मी सहज बोलून गेलो, “अरे, घे घोटभर. इथे कोण बघतंय?” तो हसला आणि म्हणाला, “कोणी बघत नाही, म्हणूनच तर रोजा, सर.”

मी ओशाळलो. वीस वर्षे वर्गात शिकवीत होतो, लहानपणापासून शेजारच्या घरचा शीरखुर्मा खात होतो. पण शेजाऱ्याच्या धर्मातले एक साधे तत्त्व मला त्या मुलाने शिकवले.

इस्लाम आपल्याला परका नाही. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला, तापीच्या काठी, फारुकी राजांच्या कबरी आहेत. त्यांची सत्ता १६०१ साली अकबराने संपवली. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या भागांत तडवी भिल्ल राहतात. ते इस्लाम मानतात आणि आपल्या कित्येक जुन्या चालीरीतीही सांभाळतात. म्हणजे शतकानुशतके आपण एकत्र नांदत आलो. तरी ओळख मात्र उंबरठ्यापर्यंतचीच राहिली.

‘इस्लाम’ या अरबी शब्दाचा अर्थ ईश्वराला शरण जाणे असा आहे. ‘सलाम’ म्हणजे शांती, हा शब्दही त्याच धातूतला. ईश्वर एकच आहे, त्याला जोडीदार नाही, मूर्ती नाही, ही या धर्माची मूळ श्रद्धा. त्याचे फरिश्ते, त्याने पाठविलेले ग्रंथ, त्याचे प्रेषित आणि शेवटचा न्यायाचा दिवस यांवरही मुसलमानाचा विश्वास असतो. प्रेषितांत इब्राहीम, मूसा आणि ईसा हेही येतात. महंमद पैगंबर हे शेवटचे. सन ६२२ मध्ये ते मक्का सोडून मदिनेला गेले, तेथपासून हिजरी सन मोजतात. सुमारे तेवीस वर्षांच्या काळात त्यांना जो ईश्वरी संदेश मिळाला, ते कुराण. त्याचे ११४ अध्याय आहेत.

या श्रद्धेचे आचरण पाच गोष्टींनी होते. पहिली, कलमा : ईश्वर एक आणि महंमद त्याचे प्रेषित, ही साक्ष. दुसरी, नमाज : पहाटे, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, सूर्यास्तानंतर आणि रात्री. आधी हात, तोंड, पाय धुऊन ‘वजू’ करायचा आणि मक्केतील काबागृहाकडे तोंड करून उभे राहायचे. नकाशा काढून बघा : मक्का आणि आपला खानदेश जवळजवळ एकाच अक्षांशावर, एकवीस अंशांच्या आसपास आहेत. म्हणून आपल्याकडे नमाज साधारण पश्चिमेकडे तोंड करून होते. जमातीत मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

तिसरी गोष्ट जकात. हा शब्द ऐकला की आपल्याला जकात नाका आठवतो! तो कर २०१७ पर्यंत महाराष्ट्रातून पुरता गेला. मूळ जकात मात्र निराळी. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरीब, कर्जबाजारी, अडलेला वाटसरू यांच्यासाठी काढायचा. जळगावच्या सराफ्यात तोळ्याची भाषा सर्वांना कळते, म्हणून सांगतो : सोन्यापुरती मर्यादा आपल्याकडे साडेसात तोळे मानतात. शिल्लक लाखाची असेल, तर जकात अडीच हजारांची. ही मेहेरबानी नव्हे. त्या पैशावर गरिबाचा हक्कच आहे, अशी समजूत.

चौथी गोष्ट रोजा. रमजानचा महिनाभर पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत असते. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून चांद्र वर्षाचा ऋतूंशी मेळ बसवतात. हिजरी सनात तसे नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतू फिरतो. खानदेशातला माणूस थंडीतला सोपा रोजाही धरतो आणि मे महिन्यातला कठीणही. शेवटी रमजान ईद. त्या दिवशी नमाजाआधी गरिबांना ‘फितरा’ द्यायचा, म्हणजे कोणाच्या घरी चूल थंड राहू नये.

पाचवी गोष्ट हज. ज्याला शरीराने आणि पैशाने झेपेल, त्याने जन्मात एकदा मक्केची यात्रा करायची. तेथे पुरुषांची वस्त्रे सारखीच, बिनशिवलेली, पांढरी; राजा कोण आणि रंक कोण, कपड्यांवरून ओळखू येत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे येतो. अजान आपल्या कानांवर पडते, ईदची गर्दी डोळ्यांना दिसते. पण नमाज असो वा रोजा, सुरुवात ‘नियत’ करण्यापासून होते, म्हणजे मनाशी हेतू धरण्यापासून. हा शब्द मराठीतही आहे. ‘त्याची नियत साफ आहे’ असे आपण म्हणतोच. कर्माचे मोल हेतूवर ठरते, ही शिकवण मुसलमानाला लहानपणीच मिळते. ती बाहेरून दिसत नाही, विचारावी लागते.

न विचारल्याने काय होते? धुळे शहराने २००८ आणि २०१३ साली दंगली पाहिल्या. त्यांची कारणे सांगण्याची ही वेळ नव्हे, आणि केवळ माहितीने दंगली थांबतात असेही मी म्हणणार नाही. पण ज्याच्या घरचे आपल्याला काही ठाऊक नसते, त्याच्याविषयी कोणी काहीही सांगितले तरी ते खरे वाटू लागते, एवढे मात्र नक्की.

तेव्हा पुढच्या ईदला शीरखुर्मा जरूर खा. पण वाटी खाली ठेवण्यापूर्वी दोन प्रश्नही विचारा. आणि त्यांनी आपल्या एकादशीविषयी विचारले, तर सांगता येईल इतके आपणही वाचून ठेवू या.