हंगामापासून मागे मोजा



पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे आपण ज्याला पीएमईजीपी म्हणतो, त्या योजनेला अर्जाची शेवटची तारीख नसते. २००८ साली सुरू झालेली ही योजना. पोर्टलवर वर्षभर अर्ज भरता येतो. कुणी म्हणेल, मग चिंता कसली? माझा अनुभव मात्र असा, की तारीख छापलेली असते तिथे माणसं धावपळ करून का होईना, पोहोचतात. जिथे तारीख नसते तिथे अर्ज ‘दिवाळीनंतर बघू’, ‘लग्नसराई आटपू दे’ असं करत पुढे जातो आणि वर्ष निघून जातं. म्हणून छोट्या धंद्यासाठी अनुदान घेऊ पाहणाऱ्यांनी आपली तारीख आपणच कशी ठरवावी, याबद्दल आज बोलणार आहे.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात एका ताईंना मिरची कांडपाचं यंत्र घेऊन मसाल्याचं युनिट टाकायचं आहे. शेड आहे ते दुरुस्त करणं, कांडप यंत्र, भाजणीचं यंत्र, पॅकिंगचं मशीन आणि थोडं खेळतं भांडवल मिळून खर्च ८ लाख रुपये. ग्रामीण भागातली महिला उद्योजक, म्हणून त्यांना ३५ टक्के अनुदान लागू होतं. म्हणजे २ लाख ८० हजार. स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार रुपये घालायचे. उरलेले ७ लाख ६० हजार बँक कर्ज म्हणून देते. हिशेब इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतो, कारण अनुदानाची टक्केवारी प्रत्येक मेळाव्यात सांगितली जाते.

आता या धंद्याचा हंगाम बघा. आपल्याकडे वर्षाची चटणी, वर्षाचा मसाला घरोघरी होतो तो फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पावसाचा थेंब पडायच्या आत बरण्या भरल्या गेल्या पाहिजेत, हा शिरस्ता. त्या तीन महिन्यांत डंकासमोर पिशव्यांची रांग असते, आणि वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा तेव्हाच होतो. यंत्र जर मे महिन्याच्या अखेरीस बसलं, तर पहिला हंगाम गेला. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या महिन्यापासून सुरू होणारच. धंदा पहिल्याच वर्षी अडचणीत येण्याचं हे एक मोठं कारण मी पाहत आले आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

म्हणून मोजायला सुरुवात फॉर्मपासून करू नका, हंगामापासून करा आणि तिथून मागे या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यंत्रावर पहिली मिरची पडली पाहिजे. यंत्राची ऑर्डर देऊन ते येणं, बसणं, चाचणी होणं, याला महिना तरी धरा. थ्री फेज वीज लागणार. महावितरणकडे अर्ज, जागेची पाहणी, मग कोटेशन भरणं. खांब लांब असेल तर आणखी वेळ. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी आलीच. हे सगळं नोव्हेंबर-डिसेंबरात व्हायचं असेल, तर कर्जमंजुरीचं पत्र दिवाळीच्या सुमारास हातात हवं. बँकेत कागद तपासणं, जागा बघणं, सिबिल काढणं, त्रुटी काढून परत पाठवणं यात दोन-तीन महिने सहज जातात. त्याआधी जिल्हा उद्योग केंद्र, खादी आयोग किंवा खादी मंडळ, ज्या यंत्रणेकडे अर्ज गेला असेल तिची पडताळणी. म्हणजे अर्ज जूनमध्ये गेला पाहिजे. आणि कागदपत्रं? ती एप्रिलमध्ये.

एप्रिलच का, याला सरळ कारण आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रात विद्यार्थ्यांची आणि पालकांची गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, डोमिसाईल, सगळं एकदम. त्या गर्दीत तुमचा अर्ज गेला तर तोही त्याच रांगेत. पीएमईजीपीला उत्पन्नाची अट नाही, पण अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्यासारख्या योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. एप्रिलमध्ये सेतू केंद्र मोकळं असतं. आणि दाखला वेळेत मिळत नसेल तर गप्प बसू नका. २०१५ पासून आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, ते ठरवून दिलेलं आहे आणि ते कार्यालयात लावून ठेवणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर अपील करता येतं. त्यासाठी अर्जाची पोचपावती मात्र जपून ठेवायची.

कागदांपैकी दोन गोष्टींवर मी जरा थांबणार आहे, कारण बायकांचे अर्ज इथे फार अडतात. पहिली गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅन कार्डावर वडिलांचं आडनाव तसंच राहिलेलं, आणि बँकेच्या पासबुकात नुसतंच पहिलं नाव. माणूस एकच, कागदावर तीन बायका. ऑनलाइन प्रणाली नाव जुळवून बघते, ती कुणाची ओळख विचारत नाही. आधारमधली दुरुस्ती, पॅनची दुरुस्ती, नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला, यातलं प्रत्येक काम सोपं आहे, पण एकामागून एक करावं लागतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही आजच बघा. तो नंबर मुलाच्या जुन्या सिमचा असतो, मुलगा पुण्याला असतो, आणि ओटीपी कुणालाच येत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. युनिट घराच्या पडवीत किंवा परड्यातल्या शेडमध्ये टाकायचं असतं. आणि घराचा उतारा काढला तर तो वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. वारसांची नोंद झालेली नाही. नणंदा, दीर, सगळ्यांचा हक्क. बँकेचं म्हणणं बरोबर असतं, जागेचा हक्क स्पष्ट हवा. वारस नोंद करायची तर ती जरूर करा, पण तिला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही. तोवर जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून भाडेकरार किंवा संमतीपत्र चालेल का, हे ज्या शाखेतून कर्ज घ्यायचं तिथे आधी विचारा. शाखेचा होकार असेल तर तो कागद रीतसर करून घ्या. हे बोलणं घरात काढणं बाईला जड जातं, हे मी जाणते. म्हणूनच ते अर्जाच्या घाईत न काढता निवांतपणी काढावं.

आता एक घोटाळा सांगते, जो माहितीच्या अभावी होतो. काही योजनांमध्ये वस्तू आधी घ्यायची असते, काहींमध्ये आधी घेतलेली चालत नाही. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा योजना निघतात. त्यांना शेवटची तारीख असते आणि मुदत थोडी असते. अर्ज पंचायत समितीत द्यायचा, निवड यादी लागते, मग बहुतेक ठिकाणी वस्तू स्वतःच्या पैशाने घेऊन जीएसटीचं बिल सादर केलं की अनुदान खात्यात येतं. म्हणजे तिथे हातात रोकड हवी. पीएमईजीपीमध्ये मात्र उलट आहे. ही योजना नव्या उद्योगालाच आहे. मंजुरीच्या आधी यंत्र घेऊन युनिट सुरू केलंत, तर तुमचा उद्योग जुना ठरतो आणि अर्ज बाद होतो. सणाला यंत्रावर सवलत मिळाली म्हणून आधीच घेतलं, असं सांगणारी माणसं भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाकडेही क्रम हाच आहे. आधी पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेचं कर्ज. म्हणून कुठल्याही योजनेची माहिती विचारताना किती टक्के मिळतात, याच्या आधी खरेदी कधी करायची, हे विचारा.

यंत्राच्या कोटेशनलाही मुदत असते. पुरवठादार त्यावर महिना, दोन महिने असं लिहितो. अर्ज बँकेत पडून राहिला आणि कोटेशन शिळं झालं, तर नवं आणावं लागतं, किंमत वाढलेली असते, आणि प्रकल्प अहवालातले आकडे चुकतात. अहवाल तयार असला तरी पाठवायच्या आठवड्यात पुरवठादाराला एक फोन करून दर पक्का करून घ्या.

बँकेचं आणि सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ असा, की जिल्ह्याचा लक्ष्यांक १ एप्रिलला नवा सुरू होतो आणि त्या सुमारास शाखेत बसून शांतपणे बोलायला वेळ मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिकारी वसुलीत आणि ताळेबंदात गुंतलेले असतात. मार्चअखेरीस नुसतं मंजुरीपत्र मिळून भागत नाही. बँकेनं कर्जाचा पहिला हप्ता दिला, तुमचा स्वतःचा वाटा भरला गेला, की मग अनुदानाचा दावा पुढे जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळं बसवू पाहणारे अर्ज पुढच्या वर्षावर जातात. त्यात निवडणुकीची आचारसंहिता आली तर आणखी खीळ. २०२४ साल आठवा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली ती नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत. आपण आखलेल्या वर्षातले चार महिने त्यात गेले. आचारसंहितेत सरकारी योजनांसाठी नव्या लाभार्थ्यांची निवड सहसा थांबते, पण आपले कागद गोळा करायला, प्रशिक्षण घ्यायला कुणाची बंदी नसते. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, असते. तिथलं प्रशिक्षण मोफत आहे. ते त्या काळात उरकून घ्या. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि तिलाही पैसे लागत नाहीत. ‘फाइल पुढे सरकवून देतो’ म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

योजनेलाही स्वतःचं आयुष्य असतं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची पीएमएफएमई योजना जून २०२० मध्ये आली, पाच वर्षांसाठी आखली गेली आणि नंतर २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. पीएमईजीपीलाही २०२१-२२ ते २०२५-२६ अशी मंजुरी होती. म्हणून आर्थिक वर्ष बदललं की जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात जाऊन योजना कोणत्या निकषांवर चालू आहे, हे विचारून या. गेल्या वर्षीच्या शेजारणीच्या अनुभवावर विसंबू नका, कारण निकष बदलतात.

मी मसाल्याचं उदाहरण घेतलं, पण हंगाम प्रत्येकाचा वेगळा. तासगावच्या बेदाण्याचं शेड द्राक्षं उतरायच्या आधी, जानेवारीत तयार हवं. कोकणातल्या काजू प्रक्रियेला मार्चपासून ओली बी येऊ लागते, तेव्हा खरेदीला पैसे हवेत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती भाद्रपदात विकल्या जातात, पण माती, रंग, कारागिरांची मजुरी हिवाळ्यापासून लागते. ज्याचा त्याने आपला महिना ठरवायचा आणि तिथून मागे यायचं.

आणखी एक तारीख आहे, जी अनुदान मंजूर झाल्यावर लोक विसरतात. पीएमईजीपीचं अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेवीत राहतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का, याची प्रत्यक्ष पडताळणी होते आणि मग ती रक्कम कर्जखात्यात जमा होते. तोवर हप्ते नियमित हवेत, युनिटवर योजनेचा फलक हवा, यंत्रं जागेवर हवीत, खरेदी-विक्रीची बिलं लावून ठेवलेली हवीत. जागा बदलली तर बँकेला लेखी कळवायचं. ज्यांचं कर्ज मंजूर झालं आहे त्यांनी ठेव ठेवल्याची पावती बँकेतून मागून घ्यावी. तिच्यावर तारीख असते. त्या तारखेत तीन वर्षं मिळवा आणि तो दिवस दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. दर वर्षी नवी दिनदर्शिका आणली की तिच्यावर पुन्हा लिहा.