वाढविलेला हौदा आणि कारखान्याची हमी

डिचोली तालुक्यातील सुर्ला हा खाणपट्ट्यातला गाव. या परिसरातील लोहखनिज टिपरमधून धक्क्यावर जाई आणि तेथून बार्जमध्ये भरून मांडवीच्या मार्गाने मुरगाव बंदर गाठी. या वाहतुकीच्या भरवशावर अनेक कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा उभ्या गाडीचेही हप्ते थांबत नाहीत, हे त्यांनी अनुभवले. अशा घराला नव्या गाडीचे हमीपत्र, म्हणजेच वॉरंटी, हा केवढा तरी आधार असतो. परंतु तो आधार कोठवर पुरतो, याचा विचार गाडी बिघडल्यावरच होतो.

हमीपत्र हे कारखानदाराचे वचन आहे. ठरावीक मुदतीत, अथवा ठरावीक किलोमीटर धाव होईपर्यंत, मालात किंवा घडणीत दोष निघाला तर तो भाग विनामूल्य दुरुस्त करून वा बदलून देऊ, असे ते वचन. मात्र ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीविषयी असते. अधिक माल मावावा म्हणून मालक हौद्याला उंच फळ्या बसवितो, भार सोसावा म्हणून स्प्रिंगांत जादा पाती घालतो. स्प्रिंग टिकते, पण वाढलेला भार एक्सल, ब्रेक आणि टायर यांच्यावर पडतो. उद्या एक्सल मोडला, तर दोष घडणीचा की भाराचा, हा प्रश्न उभा राहतो. आणि उंच फळ्या मालकाविरुद्ध साक्ष देतात. जादा दिव्यांसाठी मूळ तारा कापल्या, तर त्या जळाल्यावर हाच वाद होतो.

याचा अर्थ, लहानसा बदल केला की सारी हमी बुडाली, असा नव्हे. नवा भोंगा बसविला म्हणून गिअरपेटीची हमी नाकारणे न्यायाचे नाही. बिघाड त्या बदलामुळे झाला काय, हे पाहावयास हवे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांसंबंधीच्या आदेशात असेच म्हटले: बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली एवढ्यावरून हमी सरसकट रद्द करू नये, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश अपिलात गेला; पण त्यातील विवेक ध्यानी ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतही १९७५ च्या कायद्याने, अमुकच कंपनीचे सुटे भाग वापरा, अशी अट हमीला घालण्यास सामान्यतः मनाई केली.

हौद्याचा प्रश्न मात्र हमीपुरता उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, कारखानदाराच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येणार नाही. असा ट्रक उतारावर ब्रेक न लागून घसरला, तर रस्त्याने चालणाऱ्या माणसाला कोणते हमीपत्र वाचविणार?

म्हणून फेरबदलापूर्वी हमीपत्रातील अपवाद वाचावेत, विक्रेत्याचे उत्तर लेखी घ्यावे आणि परिवहन कार्यालयात चौकशी करावी. दुरुस्तीची प्रत्येक पावती जपून ठेवावी. तोंडी आश्वासन गॅरेजच्या दारातच विरते. कागद मात्र वादाच्या वेळी मालकाच्या बाजूने बोलतो.