सिलिंडरच्या भिंतीवरच्या रेघा

इंजिनाच्या सिलिंडरची आतली भिंत मुद्दाम किंचित खरबरीत ठेवतात. होनिंग करताना, म्हणजे भिंत घासून शेवटचा हात देताना, तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेघा पाडतात. त्यांत तेल टिकतं. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो, तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणून झीजही तिथेच जास्त.

ही झीज तपासायला हिऱ्याचं सूक्ष्म टोक भिंतीवरून फिरवतात. त्याची वरखाली हालचाल मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, नोंदली जाते. फक्त उंचवटे घासले असतील, तर इंजिन रुळलं असं समजावं. रेघांच्या खाचाही बुजत आल्या असतील, तर तेल जास्त जळतं, निळसर धूर दिसतो. उभे ओरखडे असतील, तर एअर फिल्टर आधी तपासा. धूळ बहुधा तिथूनच शिरते.