बिनपगारी सेवा आणि तिचा दर्जा



शिर्डीकरांना भाविकांची गर्दी नवीन नाही. परंतु याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे, १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्या सुमारास ख्रिस्ती भाविक दूरदूरच्या गावांहून येतात. अन्यधर्मीयही नवस बोलून येतात. एवढा भार धर्मगुरू आणि धर्मभगिनी एकट्याने पेलू शकत नाहीत. पाणी, रांगा, चपला, हरवलेली मुले, झाडलोट ही सारी कामे सामान्य प्रापंचिकांनाच अंगावर घ्यावी लागतात.

अशा सेवकांचे मोल मोठे. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही मोठी हवी. “फुकट करतो ना, मग बोलता कशाला?” हे वाक्य कोणत्याही धर्मस्थानाला अपरिचित नाही. ते ऐकल्यावर व्यवस्थापक गप्प बसतात. किंमत मात्र रांगेतल्या वृद्धेला मोजावी लागते. पाण्याची पाळी ज्याने घेतली तो आलाच नाही, तर तो बिनपगारी होता म्हणून तिची तहान कमी होत नाही.

संत पौलाने कलस्सै येथील मंडळीला लिहिताना दासांना सांगितले की, काम माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी आहे असे समजून मनापासून करा. हा उपदेश अधिकाऱ्यांना नव्हे, ज्यांच्या कामाला समाजात मान नव्हता त्यांना होता, हे विशेष. आपल्याकडे वैयावृत्त्याची गणना आभ्यंतर तपात होते. तेव्हा हा विचार श्रोत्यांना परका वाटू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक उपासना लोकभाषेत आली आणि प्रापंचिकांना वेदीपाशी शास्त्रवाचनाची संधी मिळाली. हा उतारा घरी दोनदा मोठ्याने वाचून आलेला वाचक आणि उभे राहिल्यावर पान शोधणारा वाचक, यांतला फरक शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळतो. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. आदल्या रात्रीची पंधरा मिनिटे लागतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक दीर्घकाळ अहमदनगरात राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, पण लेखणी थांबली नाही. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक अध्याय रचून ते पूर्ण केले. हाती आलेले काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. तो त्यांनी वापरला नाही.

स्वयंसेवकांचा केवळ हारतुऱ्यांनी गौरव करणाऱ्या संस्थांनीही थोडा विचार करावा. कामाची नीट माहिती न देता माणूस उभा करायचा आणि नंतर त्याला नावे ठेवायची, हा अन्याय आहे. प्रत्येक ठिकाणी दोन माणसे नेमावीत. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप द्यावा. पाळी संपल्यावर पुढच्याला जागेवरच सारे समजावून सांगावे. दानपेटी दोघांनी मिळून मोजावी. आणि यात्रा उलगडल्यावर, पाहणारे कोणी उरलेले नसताना मैदान झाडायला येणाऱ्यांची नावे यादीत सर्वांत आधी लिहावीत.